एका घावाचा सामना

टोपी घातलीत ना? नसेल तर आधी घाला. १९०० सालच्या पॅरिसमध्ये उघड्या डोक्यानं बाहेर पडलात तर माणसं वळून वळून बघतील, आणि आपल्याला तर गर्दीत मिसळून जायचं आहे. पुरुष असाल तर गळ्याला खळ देऊन कडक केलेली कॉलर आहे. मान वळवली की ती कानाखाली रुतते. बाई असाल तर कॉर्सेटच्या नाड्या अशा करकचून आवळल्या आहेत की श्वास निम्म्यातूनच परत फिरतो. अंगावर लोकरीचं कापड, तेही भर जूनमध्ये. दहा पावलं टाकाल तोच पाठीवरून घामाचा पहिला ओघळ उतरेल. असू दे. इथं सगळ्यांचीच पाठ भिजलेली आहे आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आपण रिव्होली रस्त्यावर आहोत. इथं डोळ्यांच्या आधी नाकाला सगळं कळतं. घोडे! भाड्याच्या बग्गीला एक, मालाच्या गाडीला दोन, आणि ती दुमजली ऑम्निबस डुलत येते आहे ना, तिला तीन. लीद, मूत, तापलेलं चामडं, तोंडाचा फेस. टापांचा खडखडाट कमी व्हावा म्हणून पॅरिसच्या कितीतरी रस्त्यांवर दगडाऐवजी लाकडाचे ठोकळे बसवले आहेत. पण त्या लाकडानं वर्षानुवर्षं जे जे पिऊन ठेवलं आहे ते ऊन चढलं की वाफेसारखं वर येतं. अत्तराचा रुमाल नाकाशी धरून जाणाऱ्या बायका नखरा करत नाहीत, हे तुम्हाला मिनिटाभरात पटेल. त्यातच फळ्यांच्या कुंपणांआडून ओल्या मातीचा गार भपकारा येतो: भुयारी रेल्वे होते आहे. पुढच्या महिन्यात, १९ जुलैला, पहिली गाडी सुटायची आहे. तोवर फावड्यांचा आवाज, गाडीवानांच्या शिव्या आणि पेपर विकणाऱ्या पोरांची आरोळी, सगळं एकात एक.

जागतिक प्रदर्शन भरलं आहे, म्हणून ही झुंबड. सीन नदीच्या दोन्ही काठांवर एक नवं शहरच उभं केलं आहे. आपलं काम दुसरीकडं आहे, पण सरकत्या रस्त्यावर चढल्याशिवाय पुढं जायचं कसं? नदीपलीकडं चला, पन्नास सांतीम द्या आणि जिना चढा. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून लाकडी फळ्यांचा पट्टा शहरातून फिरतो आहे, अखंड, करकरत. एक पट्टा सावकाश, त्याला लागून दुसरा दुप्पट वेगानं. मध्ये मध्ये गोल मुठीचे खांब आहेत, ते घट्ट धरा आणि उजवा पाय आधी टाका. बायका किंचाळतात, पोरं मुद्दाम उड्या मारतात, कुणाची टोपी उडते, अनोळखी माणसं एकमेकांच्या दंडाला धरून सावरतात आणि मनापासून हसतात. शेजारच्या इमारतींच्या खिडक्या हाताला लागतील इतक्या जवळ आहेत. एका घरात माणूस सूप पितो आहे आणि सगळं जग त्याच्या ताटासमोरून सरकतं आहे. समोर आयफेल टॉवर पिवळाधमक. गेल्या वर्षी त्याला खाली नारिंगी आणि वर जाताना फिका होत जाणारा पिवळा रंग दिला आहे.

पुरे. आता उतरा आणि पुन्हा नदी ओलांडून त्युइलरी बागेत चला, कॉन्कॉर्द चौकाच्या बाजूला. लिंडनची झाडं फुलली आहेत. घोड्यांच्या वासातून इतका वेळ काढल्यावर तो मधासारखा सुगंध थेट डोक्यात जातो. बागेतल्या लोखंडी खुर्च्या फुकट नाहीत बरं का. बसलात की एक म्हातारी कमरेला चामड्याची पिशवी बांधून येईल, नाणी मोजून घेईल आणि चिठ्ठी फाडून देईल. ती ठेवा जपून, म्हातारी तासाभरानं पुन्हा विचारते.

बागेच्या या कोपऱ्यात झ्यू द पोम नावाची लांबट इमारत आहे. तिच्यापुढच्या गच्चीवर खडी पसरली आहे आणि त्या खडीभोवती दोन-तीन रांगांत माणसं बसली आहेत. उंच रेशमी टोप्या, गवताच्या टोप्या, पांढऱ्या छत्र्या, सिगारचा धूर. शेजारच्या गृहस्थांना तुम्ही विचारलंत, “ऑलिंपिकचे सामने इथंच ना?” तर ते भुवया वर करतील. ऑलिंपिक? इथं ‘शारीरिक व्यायाम आणि क्रीडांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा’ चालू आहेत, प्रदर्शनाचा एक भाग म्हणून. ना उद्घाटनाचा सोहळा, ना ज्योत, ना शपथ. आज खेळणाऱ्यांतले कित्येक जण आपण ऑलिंपिकमध्ये उतरलो होतो हे न कळताच आयुष्य संपवतील. मला या गोष्टीचं दर वेळी वाईट वाटतं आणि दर वेळी बरंही वाटतं. वाईट त्यांच्यासाठी. बरं यासाठी की इथल्या कुणाच्याही खांद्यावर इतिहासाचं ओझं नाही. ती माणसं फक्त समोरच्या टोकाकडं बघताहेत.

ते टोक हातात घेऊन बघा. खुर्चीच्या पायाशी कुणीतरी तलवार टेकवून ठेवली आहे. उचला. हिला एपे म्हणतात. वजन साधारण पाऊण किलो, म्हणजे उचलताना हलकी आणि हात लांब करून दहा मिनिटं धरली की खांदा भरून येईल इतकी जड. पात्याला धार नाही. ते तिकोनी, ताठ, मुठीकडं जाड आणि पुढं निमुळतं होत गेलेलं आहे. मुठीवर पोलादाची खोलगट वाटी आहे, तिच्यामागं तुमची बोटं लपतात. आता टोक डोळ्यांजवळ आणा. दोरा गुंडाळून, मेण लावून ते बोथट केलं आहे आणि त्या दोऱ्यातून अगदी बारीकसा अणकुचीदार ठिपका बाहेर ठेवला आहे. कापडाला लागला की निसटत नाही, धरतो. अंगठ्यावर हलकेच दाबून बघा. रक्त येणार नाही. पण आता तुमचं मनगट आपोआप मागं गेलं ना? या खेळाचं सगळं शिक्षण त्या मागं जाण्यातच आहे.

कारण या शहरात माणसं अजून खरोखरच तलवारीनं भांडण मिटवतात. कुणी पेपरात काहीतरी झोंबणारं लिहितो, दुसऱ्याचे दोन मित्र काळे कोट घालून त्याच्या दारात येतात, आणि एका सकाळी दव पडलेलं असताना शहराबाहेरच्या एखाद्या बागेत किंवा सीनमधल्या ग्रांद जात बेटावर दोघे सदऱ्याच्या बाह्या सरसावून उभे राहतात. डॉक्टर हजर असतो; तो पाती जंतुनाशकानं पुसून देतो. बहुतेक वेळा मनगटावर किंवा दंडावर रक्ताची रेघ उमटते, डॉक्टर हात वर करतो आणि प्रकरण मिटतं. दुसऱ्या दिवशी पेपरात साक्षीदारांच्या सह्यांनिशी सगळा वृत्तान्त छापून येतो. पण सगळ्याच वेळी ते मनगटावर भागत नाही. म्हणून वकील, कवी, बँकवाले, संपादक असे सगळे सकाळी कामाला जाण्याआधी तालमीत हजेरी लावतात.

त्या तालमीत डोकावू या, पाच मिनिटं. लाकडी जमीन, भिंतीवर ओळीनं टांगलेले जाळीचे मुखवटे, घाम, चामडं आणि तेल. पाय आपटल्याचा आवाज, पात्यावर पातं, आणि वस्तादाचा एकसुरी हुकूम. मुखवटा चढवा तुम्ही. लाजू नका. आत दुसऱ्याच्या घामाचा वास आहे, गंजाचाही. तुमचाच गरम श्वास जाळीवर आपटून परत तोंडावर येतो. जग बारीक चौकटींत चिरलं जातं. दोन्ही बाजूंचं दिसेनासं होतं आणि समोर फक्त वस्तादाची छाती उरते, चामड्याच्या जाड गादीमागची. तो म्हणतो, हात लांब करा. तुम्ही करता. तो म्हणतो, अजून. अजून लांब होणारच नाही असं वाटतं तिथं तो तुमच्या कोपराला एक बोट लावतो आणि हात आणखी दोन इंच पुढं जातो. इतकी वर्षं तो दोन इंचांचा हात तुमच्याकडं होता आणि तुम्हाला माहीतच नव्हतं.

या तालमींत जुनी भांडणंही आहेत. फॉइल नावाची हलकी तलवार म्हणजे खानदानी विद्या. तिथं फक्त धडावर टोचायचं, हल्ल्याला आधी उत्तर द्यायचं आणि मगच आपला हल्ला करायचा, सगळं डौलात. इथल्या प्रदर्शनातल्या फॉइलच्या सामन्यांत तर परीक्षक सुरुवातीच्या फेऱ्यांत हारजीत बाजूला ठेवून शैली बघतात. सुरेख खेळून हरलेला पुढं जाऊ शकतो. एपेवाल्यांना हे मान्य नाही. १८८०च्या दशकात जूल जाकोब यांच्यासारख्या वस्तादांनी सरळ विचारलं: पहाटेच्या त्या बागेत समोरचा माणूस तुमचा डौल बघत बसणार आहे का? त्याला तुमचं मनगट दिसतं, तो मनगट टोचणार. मग शिकवा मनगट वाचवायला. म्हणून एपेत सगळं अंग उघडं: बोटं, गुडघा, पायाचा अंगठा, काहीही. म्हणून सामना पॉलिश केलेल्या जमिनीऐवजी खडीवर आणि उघड्यावर, डोळ्यांत ऊन घेऊन. आणि म्हणूनच घाव एकच. ज्याला पहिला लागला तो गेला. दोघांना एकदमच लागला तर जीत कुणाचीच नाही, कारण त्या पहाटे दोघंही रक्तबंबाळ झाले असते.

मला विचाराल तर हा एका घावाचा नियम या खेळाला लाभलेली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट होती. आज पंधरा गुणांचा सामना असतो. तीन चुकलात तर चौथ्याला सावरता येतं. त्या खडीवर सावरायला काही नव्हतं.

चला परत गच्चीवर, तो आला आहे.

तो उंच मुलगा दिसला? खांदे अजून पुरते भरलेले नाहीत, हात मात्र गुडघ्यापर्यंत पोचतील की काय इतके लांब. रामोन फोन्स्त. जन्म क्यूबातल्या हवानाचा, बालपण फ्रान्समध्ये गेलं, त्यामुळं फ्रेंच अस्खलित. वय सोळा. या स्पर्धेत शंभरावर तलवारबाज उतरले आहेत, मिशांना पीळ देणारे, पोट सुटलेले, पहाटेच्या बागा स्वतः पाहून आलेलेही. त्यांच्यात हा पोरगा. आणि त्यानं तलवार कोणत्या हातात घेतली आहे बघा. डाव्या!

उजव्या हाताच्या माणसांशी आयुष्यभर खेळलेल्यांसाठी हा डावा हात म्हणजे संकटच आहे. रोज ज्या बाजूनं मनगट झाकायची सवय झाली ती बाजू आता रिकामी, आणि जी बाजू कधी झाकलीच नाही तिथून टोक येतं. तुम्ही खुर्चीच्या कडेवर सरकता. आजूबाजूची कुजबुज थांबते. खडीवर चार परीक्षक कोपऱ्यांत उभे राहतात, पंच मध्ये. घाव लागला की नाही हे त्यांच्या डोळ्यांवर आहे. तिकडं प्रदर्शनात विजेचा राजवाडा उभा आहे, रात्री हजारो दिवे लागतात, पण तलवारीच्या टोकाला वीज जोडून दिवा पेटवायची युक्ती ऑलिंपिकमध्ये यायला १९३६ साल उजाडावं लागेल. इथं माणूस बघतो, माणूस सांगतो, आणि हरलेला बहुतेक वेळा स्वतःच कबूल करतो.

“सावध!” मग “सुरू!”

आणि काहीच होत नाही.

होय, काहीच. दोघं एकमेकांपासून हातभर जास्त अंतरावर, गुडघे वाकवून, टोकं हवेत बारीक गोल फिरवत. खडी करकरते. कुणी पाऊलभर पुढं, कुणी पाऊलभर मागं. तुमच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरतो आणि पुसायला हात उचलला जात नाही. एक मिनिट. दोन. मागं कुठंतरी एक मूल लाकडी कडं पळवतं आहे, त्याचा आवाज येतो. मुलासमोरचे मिशाळ गृहस्थ हूल देतात, पाय आपटतात. खांद्यापासून सगळं अंग पुढं आल्यासारखं करून थांबतात. मुलगा हलत नाही. पुन्हा हूल. मुलगा टोक जेमतेम बोटभर खाली आणतो. गृहस्थांना त्यात जागा दिसते, खरी हालचाल सुरू होते, हात पुढं सुटतो, आणि त्याच निमिषात तो लांब डावा हात सरळ होतो. झेप नाही, आरोळी नाही, फक्त एक हात सरळ होतो. पोलादाची वाटी वाजते. गृहस्थांच्या बाहीवर, मनगटाच्या वर दोन बोटं, कापड खेचलं जाऊन तंबूसारखं उभं राहतं आणि खाली बसतं.

“लागला,” गृहस्थ स्वतःच म्हणतात आणि मुखवटा काढतात. चेहरा लालबुंद. तीन मिनिटांच्या वाट पाहण्यानंतर अर्ध्या क्षणात संपलं. तुम्ही श्वास कधी रोखून धरला होता ते तुमच्या लक्षात आलं का?

असं दिवसेंदिवस चालतं. १ जूनला सुरू झालेली ही स्पर्धा १४ जूनपर्यंत लांबते. गटामागून गट, फेरीमागून फेरी. दुपारी लोक छत्र्यांच्या सावलीत थंडगार लिंबू सरबत पितात. खेळाडू झाडाखाली खडीवरच अंग टाकतात आणि गंजू नये म्हणून पाती पुसत बसतात. अशा खेळात पंधरा दिवस टिकायचं म्हणजे काय हे नीट ध्यानात घ्या. एका घावाच्या सामन्यात नशिबाला दार सताड उघडं असतं. चांगल्यातला चांगला कुणा नवख्याच्या आंधळ्या टोचणीला बळी पडतो. तरी हा मुलगा उरतो. शेवटी यादी अशी: पहिला रामोन फोन्स्त, दुसरा लुई पेरे, तिसरा लेऑं से. या से महाशयांना ध्यानात ठेवा. पुढं ते मुष्टियुद्धाच्या धंद्यात जातील आणि प्रिमो कार्नेरा नावाच्या अवाढव्य इटालियनाला जगापुढं आणतील.

राष्ट्रगीत वाजत नाही, गळ्यात पदक पडत नाही. टाळ्या पडतात, हस्तांदोलनं होतात, म्हातारी पुन्हा चिठ्ठी विचारते. लॅटिन अमेरिकेचा पहिला ऑलिंपिक विजेता तुमच्यापासून सहा हातांवर उभा आहे आणि हातमोजा काढून घामानं पांढरी पडलेली बोटं हलवून बघतो आहे.

पण थांबा, उठू नका. खरा दिवस उद्याचा आहे.

उद्या या गच्चीवर हौशी खेळाडू आणि पोटासाठी तलवार शिकवणारे वस्ताद एकत्र उतरणार आहेत. हौशींतले पहिले चार, वस्तादांतले पहिले चार. हौशी माणूस आणि पगारी माणूस एका खडीवर! ऑलिंपिकमध्ये असं पुन्हा कित्येक दशकं घडू दिलं जाणार नाही. पगारी हात विटाळ मानला जाईल. म्हणून डोळे भरून बघून घ्या. वस्तादांच्या स्पर्धेत पहिला आलेला तो पंचविशीचा, मजबूत बांध्याचा माणूस बघा: आल्बेर आया. फोन्स्तला शिकवणारा वस्ताद हाच. त्या लांब डाव्या हाताच्या कोपराला बोट लावून ते दोन इंच यानंच काढले.

आता तुम्हीच त्या मुलाच्या जागी उभे राहा. समोरच्या सातांत तो माणूस आहे ज्याला तुमची प्रत्येक खोड पाठ आहे. तुम्ही टोक खाली आणता तेव्हा ते आमिष असतं, हे त्यानंच तुम्हाला शिकवलं. तुमची हूल त्याच्या तालमीत घडली आहे. तुम्हाला येतं ते सगळं त्याच्याकडून आलेलं, आणि त्याला येतं त्यातलं तुम्हाला अजून सगळं आलेलं नाही. जाळीमागं तोंड कोरडं पडतं. वाकून नमस्कार कराल की टोक रोखाल? दोन्ही करावं लागतं. तलवार हनुवटीपाशी उभी धरून सलाम, मग पवित्रा.

संध्याकाळी निकाल लागतो. आया पहिला, फोन्स्त दुसरा, से तिसरा. आयाला ३००० फ्रँक रोख मिळतात. या शहरातला साधा मजूर दिवसाला पाच-सहा फ्रँक घरी नेतो. म्हणजे पाचशे-सहाशे दिवसांची मजुरी एका दिवसात. पुढं क्यूबात लोक फोन्स्तला ‘कधीच दुसरा नाही’ असं म्हणू लागतील, आणि ते प्रेमानं म्हणतील. पण आज तो दुसरा आलेला आहे, स्वतःच्या वस्तादाच्या मागं आणि बाकी सगळ्या वस्तादांच्या पुढं. सोळाव्या वर्षी मिळालेलं हे दुसरं स्थान मला तरी त्याच्या पुढच्या पदकांइतकंच मोठं वाटतं.

अंधार पडतो आहे. कॉन्कॉर्द चौकातल्या त्या अचाट प्रवेशद्वारावर हजारो रंगीत दिवे एकदम लागतात, आणि गर्दीतून “आऽऽ” असा एकच सूर उठतो. तुम्हीही काढलात तो. विजेचा दिवा तुम्ही जन्मापासून बघता आहात, तरी काढलात.

आता चार वर्षं पुढं आणि समुद्रापार. डोळे उघडा: सेंट लुइस, सप्टेंबर १९०४. पुन्हा जागतिक प्रदर्शन, पुन्हा गर्दी, पण वास वेगळा. मिसिसिपीच्या खोऱ्यातली दमट हवा अंगाला चिकटते. तळलेलं तेल, मोहरी लावलेले सॉसेज, गोड वेफरच्या कोनातलं वितळणारं आइस्क्रीम हातावरून मनगटापर्यंत. चाटून घ्या, इथं कुणी नावं ठेवत नाही. बोलणं मोठ्यानं, हसणं मोठ्यानं, चालताना धक्के. पॅरिसची खुर्चीवाली म्हातारी इथं दोन दिवस टिकली नसती.

आठवडाभर आधी आला असतात तर फोन्स्तचा एक देशबांधव दिसला असता, फेलिक्स कार्वाहाल, हवानाचा पोस्टमन. ३० ऑगस्टच्या मॅरेथॉनला तो साध्या कपड्यांत उभा राहिला. कुणीतरी कात्रीनं त्याची लांब विजार गुडघ्यापाशी कापून दिली. धुरळ्यानं भरलेल्या रस्त्यांवर, उकाड्यात, वाटेत बघ्यांशी गप्पा मारत, सफरचंदं खाऊन पोट बिघडवून घेत तो धावला आणि तरी चौथा आला. एकाच बेटाची ही दोन माणसं. एकाच्या मागं पॅरिसच्या तालमी, दुसऱ्याच्या मागं पत्रांची पिशवी. मला हे दोघे एकमेकांशेजारी उभे राहिलेले बघायला फार आवडलं असतं.

आता तलवारबाजीकडं वळा. इथं बघे कमी, स्पर्धकही मोजकेच. युरोपातून इतक्या लांब कोण येणार? फोन्स्त आता एकविशीचा, खांदे भरलेले. तो एपे जिंकतो. फॉइलही जिंकतो, तीच डौलाची खानदानी तलवार, आणि हे जास्त अवघड, कारण फॉइलमध्ये हात लांब असून भागत नाही, क्रम पाळावा लागतो. फॉइलच्या सांघिक सामन्यात तो मान्वेल दियास या क्यूबन विद्यार्थ्याबरोबर आणि आल्बर्टसन व्हॅन झो पोस्ट या अमेरिकनाबरोबर उतरतो आणि तेही सुवर्ण नेतो. सेबर या तिसऱ्या प्रकारच्या तलवारीचं सुवर्ण दियासचं. इथं सोनं, रुपं, कांसं अशी पदकं मिळतात, आणि ही पद्धत या वर्षीच सुरू झाली आहे. पॅरिसला जे नव्हतं ते गळ्यात नाही तरी हातात पडतं.

आणखी एक सामना चालू आहे, जरा वळून बघा. दोन माणसं वेताच्या मुठीच्या काठ्या घेऊन एकमेकांना सपासप हाणताहेत. आपल्याकडच्या फरी-गदग्याची आठवण यावी असाच हा खेळ, फक्त फरी नाही, काठीनंच अडवायचं. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार एकदाच झाला, इथंच. काठी उघड्या दंडावर बसल्याचा तो आवाज ऐकलात? तलवारीच्या आवाजापेक्षा तो जास्त लागतो.

पुढच्या वीस वर्षांवरून आपण उडीच मारू. १९२४, पुन्हा पॅरिस. घोड्यांचा वास गेला, पेट्रोलचा आला. सामने आता उघड्यावर नाहीत, व्हेलोद्रोम दिव्हेरच्या काचेच्या छताखाली आहेत. वरून उजेड, खाली उन्हाळ्याचा कोंडलेला उकाडा आणि सिगारेटचा निळसर थर. बायकाही खेळताहेत, फॉइलमध्ये डेन्मार्कच्या एलन ओसिए पहिल्या येतात आणि टाळ्या थांबत नाहीत. आणि क्यूबाच्या चमूत तो आहे, चाळिशीचा, तोच डावा हात, तोच सावकाश पवित्रा. त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेली पोरं त्याला हरवतात. तो मुखवटा काढतो, हस्तांदोलन करतो. पदक नाही. इथून अर्ध्या तासाच्या अंतरावर त्युइलरीची ती खडी आहे. तो तिकडं फिरकला असेल का, असा विचार तुमच्या मनात आला तर माझ्याही आला आहे.

आता गोष्ट इथं संपवू नका, कारण त्यानं संपवली नाही.

१९२६, मेक्सिको सिटी. मध्य अमेरिकी देशांच्या पहिल्या क्रीडास्पर्धा. शहर समुद्रसपाटीपासून २२०० मीटरांवर. जिना चढताना तुमच्या लक्षात येईल. पंधराव्या पायरीवर छाती भरून येते, कानांत ठोके वाजतात. खाली रस्त्यावर मक्याच्या भाकऱ्या तव्यावर पडताहेत, मिरचीची ठसक नाकात जाते, बँडवाले एकाच वेळी दोन गाणी वाजवताहेत. वर सभागृहात गर्दी उभी आहे, कारण खुर्च्या संपल्या. त्रेचाळीस वर्षांचा फोन्स्त डाव्या हातात एपे घेऊन उभा राहतो. समोरचा तरुण धावून येतो, मागं जातो, पुन्हा येतो; या हवेत इतकं पळाल्यावर त्याचं तोंड उघडं पडतं. फोन्स्त जागचा फारसा हलत नाही. टोक बोटभर खाली आणतो.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. शेजारच्या मेक्सिकन बाईंना माहीत नाही. त्यांचा दंड धरा आणि सांगा, आता बघा, आता! हात सरळ होतो, वाटी वाजते, आणि सगळं सभागृह ओरडतं. त्या बाई तर तुमच्या कानातच ओरडतात. सुवर्ण त्याचं. तुम्हाला धाप लागली आहे आणि त्याला नाही.